आधी चढ मोजा, मग सायकल बघा

इंदूरच्या राजेंद्र नगरात आमच्या गल्लीत तीन इलेक्ट्रिक सायकली आहेत. दोन जिन्याखाली धूळ खात उभ्या आहेत, आणि त्या दोनपैकी एक माझी आहे. काळी-केशरी, जाड टायरांची, दांडीवर ठळक अक्षरांत ‘एमटीबी’, म्हणजे माउंटन बाइक, लिहिलेली. दुकानातल्या दिव्याखाली ती अशी काही उभी होती की किंमत विचारायच्या आधीच मी मनानं महूच्या पलीकडे पोचलो होतो. महिन्याभरात पाताळपाण्याहून परतताना पिगडंबरपाशी तिच्या बॅटरीनं मान टाकली. मोटर बंद पडलेली चोवीस किलोची सायकल पायडल मारत घरी आणणं म्हणजे काय, ते माझ्या गुडघ्यांना विचारा.

तिसरी सायकल, जी रोज रस्त्यावर दिसते, तीही माझीच. ती मी जुनी घेतली, पहिलीच्या निम्म्या पैशांत. पहिली घेताना मी रंग बघितला होता. ही घेताना वही-पेन्सिल घेऊन बसलो. त्या वहीतलं इथे देतो आहे. इंदुरात राहून डोंगराकडे सायकल न्यायची ज्यांना इच्छा आहे पण नेमकं काय बघायचं ते माहीत नाही, त्यांच्यासाठी.

पहिली पायरी: कुठे चालवणार?

हा प्रश्न दुकानात कुणी विचारत नाही. घरी, चहा घेताना, स्वतःला विचारा.

इंदूर माळव्याच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर आहे. शहरात चढ म्हणजे रेल्वेवरचे पूल, बाकी सपाट. बायपास आणि सुपर कॉरिडॉरलाही चढापेक्षा समोरचा वारा जास्त त्रास देतो. तुमचं फिरणं एवढंच असेल, सकाळी चक्कर मारून पोहे खाऊन घरी, तर माउंटन सायकलच्या भानगडीत पडू नका. बारीक टायरांची साधी ई-सायकल हलकी पडते, स्वस्त पडते आणि जास्त पळते.

खरी मजा दक्षिणेला आहे. सिमरोल, चोरल, पाताळपाणी, जाम गेट, जानापाव. इथे पठार संपतं आणि विंध्याची कड नर्मदेकडे उतरते. नवखा माणूस इथेच फसतो. चोरलला किंवा जाम गेटच्या खाली मंडलेश्वरकडे जाताना घाट उतरायचा असतो. जाताना तुम्ही हसत, फोटो काढत जाता आणि बॅटरी भरलेलीच दिसते. चढ येतो तो परतीला, पाय थकलेले असताना आणि बॅटरी अर्धी झालेली असताना. जानापावचं उलटं आहे. चढ आधी, उतार नंतर, म्हणजे बॅटरी संपली तरी निदान डोंगरावरून खाली तरी याल. पाताळपाण्यापर्यंतचा रस्ता बहुतेक पठारावरूनच जातो, तिथे अडचण चढाची नसून अंतराची आहे. आमच्या भागातून जाऊन-येऊन पंचेचाळीस-पन्नास किलोमीटर सहज होतात.

तेव्हा तुमच्या मनातले दोन-तीन रस्ते कागदावर लिहा. प्रत्येकाचं अंतर लिहा, आणि मोबाइलच्या नकाशावर उंची बघून एकूण चढ किती मीटर तेही लिहा. पुढचं सगळं या कागदावर अवलंबून आहे.

दुसरी पायरी: वॉट-अवर काढा

जाहिरातीत ‘७० किलोमीटर रेंज’ असं लिहिलेलं असतं. ते खोटं नसतं, पण त्यातली सायकल सपाट डांबरी रस्त्यावर, हलक्या माणसानं, सर्वांत कमी मदतीवर आणि स्वतः पायडल मारत चालवलेली असते. आपण ऐंशी किलोचे, आणि सोबत पाण्याच्या दोन बाटल्या.

रेंज सोडा आणि वॉट-अवर, म्हणजे बॅटरीत किती वीज मावते तो आकडा, विचारा. विक्रेत्याला सांगता आला नाही तर बॅटरीवरच्या चिठ्ठीवरून आपणच काढायचा: व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर. ३६ व्होल्ट आणि ५.८ अँपिअर-अवर म्हणजे जेमतेम २०९. ७.८ म्हणजे २८०. १०.४ म्हणजे ३७४. १३ म्हणजे ४६८. दोन सायकली दिसायला जुळ्या बहिणी असतात आणि एकीची टाकी दुसरीच्या दुप्पट असते.

आता खर्च. पायडल मारत, मध्यम मदतीवर, डांबरी रस्त्यावर किलोमीटरला ८ ते १० वॉट-अवर धरा. मुरमाच्या कच्च्या वाटेवर १२ ते १५. पायडल न मारता नुसता थ्रॉटल दाबून बसलात तर १५ ते २०. हा झाला सपाटीचा हिशोब, चढाचा वेगळा. तुम्ही पंचाहत्तर किलोचे आणि सायकल पंचवीसची, म्हणजे शंभर किलो. शंभर किलो वजन शंभर मीटर वर न्यायला २७ वॉट-अवर लागतात. हे शाळेतलं गणित आहे, त्यात कुणाची कंपनी काही बदलू शकत नाही. पण बॅटरीतून निघालेलं सगळं चाकापर्यंत पोचत नाही. हळू चढताना मोटर निम्मी शक्ती स्वतःला तापवण्यात घालवते असंही होतं. बरी मोटर धरली तरी बॅटरीतून चाळीसच्या आसपास जातात.

समजा परतीच्या घाटात २५० मीटर चढ आहे आणि तुम्ही पाय नुसते फिरवता आहात. शंभर वॉट-अवर गेले, म्हणजे ३७४ च्या बॅटरीतला चौथा भाग त्या चार-पाच किलोमीटरांत संपला. अर्धं काम पायांनी केलंत तर खर्चही अर्धा. हे सगळं त्या कागदावर रस्त्याच्या नावापुढे लिहा आणि बेरजेत वीस टक्के वाढवा, कारण बॅटरी कायम नवी राहत नाही. माझ्या पहिल्या सायकलची बॅटरी २०९ ची होती. पाताळपाण्याला जाऊन-येऊन लागत होते चारशे. मी हा गुणाकार सायकल घेतल्यानंतर केला.

तिसरी पायरी: मोटर कुठे आहे, आणि तिला कसं कळतं

मोटर सहसा दोन ठिकाणी असते, मागच्या चाकाच्या मधोमध, म्हणजे हबमध्ये, किंवा पायडलांच्या मध्ये. आपल्याकडे तीस ते साठ-सत्तर हजारांत जे मिळतं ते जवळजवळ सगळं हब मोटरवालं. हिरो लेक्ट्रो, पुण्याची ईमोटोरॅड, डेकॅथलॉनची रॉकरायडर या नावांपासून बहुतेकांचा शोध सुरू होतो. मधल्या मोटरच्या, म्हणजे बॉश किंवा शिमानोच्या मोटरवाल्या परदेशी माउंटन सायकली लाखांच्या घरात जातात.

फरक मोठा आहे. हब मोटरचा जोर साधारण ३५ ते ४५ न्यूटन-मीटर, बॉश-शिमानोच्या डोंगरी मोटरींचा ८५ च्या आसपास. शिवाय मधली मोटर चेनमधून काम करते, म्हणजे तिला गिअरचा फायदा मिळतो. चढ आला, गिअर हलका केला, मोटरही सुखात. हब मोटरला गिअर बदलल्याचा पत्ताच नसतो. तिचं चाक हळू फिरलं की ती तापते. म्हणून हब मोटरवर घाट चढताना एकच नियम: चाकाचा वेग पडू देऊ नका, पायांनी साथ द्या, आणि अगदीच उभा चढ आला तर उतरून चाला. त्यात कमीपणा नाही.

असं असूनही इंदुरात राहणाऱ्या नवख्याला मी हब मोटरच सुचवतो. मधली मोटर चेन आणि कॅसेट, म्हणजे मागच्या चाकावरच्या गिअरच्या दातेरी चकत्या, लवकर खाते, आणि बिघडली तर ती उघडायला माणूस कुठून आणणार? हब मोटरचा कंट्रोलर (बॅटरीतून मोटरला वीज सोडणारी डबी), डिस्प्ले, वायरी हे सगळं ई-रिक्षा आणि स्कूटर दुरुस्त करणाऱ्यांना निदान ओळखीचं तरी असतं.

सेन्सरबद्दल मात्र चोखंदळ राहा. स्वस्त सायकलीत पायडल फिरतं आहे की नाही एवढंच बघणारा सेन्सर असतो. तुम्ही पायडल मारता, अर्धं वर्तुळ जातं, मग मोटर एकदम ढकलते. पाय थांबवलात तरी क्षणभर ढकलत राहते. सरळ रस्त्यावर याचं काही वाटत नाही. दगडाळ वाटेवर, अरुंद वळणात, डावीकडे उतार असताना हा क्षण फार लांब वाटतो. दुसरा प्रकार टॉर्क सेन्सरचा. पायाचा जोर जेवढा, तेवढीच मदत. पाच-सात हजार जास्त पडले तरी तो घ्या. आणि पहिल्या प्रकाराचीच घ्यावी लागली तर ब्रेक दाबताच मोटर बंद करणारे लिव्हर आहेत ना, हे स्वतः दाबून बघा.

चौथी पायरी: एमटीबी की एमटीबीचं चित्र

मोटर विसरा आणि सायकल म्हणून तिच्याकडे बघा. बॅटरी बदलता येते, सीट बदलता येते, पण सांगाडा, मागचं चाक बसतं ती खाच आणि पुढचा चिमटा तोच राहतो.

पुढचा शॉकअप हातांनी दाबा. स्प्रिंगसारखा ताडकन उसळला तर तो शोभेचा आहे. हळू परत येणारा, १०० मिलिमीटरच्या आसपास चाल असलेला आणि वर लॉक करायची चावी असलेला बरा. मागेसुद्धा शॉकअप असलेली स्वस्त सायकल दिसली तर पुढच्या सायकलकडे वळा. त्या किमतीत तो मागचा शॉकअप तुमच्या पायांतला जोर खायलाच बसवलेला असतो.

ब्रेक डिस्कचे हवेतच, आणि परवडत असतील तर हायड्रॉलिक. शंभर किलो वजन घाटात उतरवताना तारेवरच्या डिस्क ब्रेकनं बोटं दुखतात आणि तार सैल पडत जाते. पुढची चकती १८० मिलिमीटरची असली तर उत्तम, १६० ची चालते.

टायर आणि सांगाडा यांच्यातल्या जागेत बोट घालून बघा. हा खास माळव्याचा निकष आहे. जुलैत काळ्या मातीच्या वाटेवर दोनशे मीटर गेलात की चाकावर मातीचा असा थर चढतो की ते फिरतच नाही. मडगार्ड असेल तर आणखी लवकर. आणि मोटर बिचारी अडकलेल्या चाकाला ढकलत बसते. पावसाळ्यात काळ्या रानात जायचंच नाही, मुरमाच्या वाटा धरायच्या. पण निदान बोट जाईल एवढी जागा असावी.

चार इंची फॅट टायरचा मोह आवरा. दिसतं दणकट, पण आपल्याकडे वाळू नाही की बर्फ नाही. वजन वाढतं, बॅटरी खातं, आणि ट्यूब फाटली तर त्या मापाची लगेच मिळेलच असं नाही. २७.५ किंवा २९ चं चाक आणि दोन-सव्वादोन इंची टायर पुरतो.

मापाचं सोपं आहे. दांडीवर पाय टाकून जमिनीवर उभे राहा. दांडी आणि तुम्ही यांच्यात दोन इंच हवा हवी. पुरुषाची सायकल आहे म्हणून घरातल्या सगळ्यांना चालेल, असं होत नाही. बायकोसाठी घेत असाल तर तिला घेऊन जा, अंदाजानं आणू नका.

कायद्याचं थोडक्यात

मोटर २५० वॅटच्या आत, ताशी २५ किलोमीटरला मदत बंद, आणि बॅटरी सोडून वजन ६० किलोपर्यंत असलेली मान्यताप्राप्त सायकल केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मोटार वाहनात धरली जात नाही. नंबर प्लेट नको, लायसन्स नको, विमा नको. दुकानदार कानाशी येऊन ‘भिया, स्पीड अनलॉक कर देंगे, पैंतालीस जाएगी’ असं म्हणाला तर हसून नको म्हणा. ती सायकल राहत नाही, विनानोंदणीचं मोटार वाहन होतं. कुणाला धडक बसली तर नायता मुंडल्याच्या आरटीओत तुमची बाजू मांडायला तो दुकानदार येणार नाही.

पाचवी पायरी: नवी घेताना

दुकानासमोरच्या सपाट रस्त्यावर मारलेल्या चकरेला काही अर्थ नाही. जवळचा पूल गाठा. आमच्याकडे राजेंद्र नगरचा रेल्वेवरचा पूल आहे, तुमच्याकडे दुसरा असेल. पुलाच्या मध्यावर चढात थांबा, सीटवर बसूनच पुन्हा सुरुवात करा. सायकल डगमगत पण निघाली तर ठीक. नुसती गुरगुरली आणि तुम्हीच पाय टेकलात तर घाटात तिचं काय होणार ते कळलं. उतरताना दोन्ही ब्रेक वेगवेगळे दाबून बघा.

मग दुकानात बसून तीन गोष्टी विचारा. मागचं चाक उघडून मोटर दुरुस्त करणारा माणूस इंदुरातच आहे का, की कुरिअरनं बाहेर पाठवायची? या मॉडेलची बॅटरी आज वेगळी विकत घ्यायची तर कितीला आणि किती दिवसांत? वॉरंटी मोटर, बॅटरी आणि कंट्रोलर तिघांना सारखीच आहे का? उत्तरं बिलाच्या मागे लिहून शिक्का मारून मागा. जो लिहून देतो त्याच्याकडून दोन हजार महाग पडली तरी घ्या. माझ्या पहिल्या सायकलच्या वेळी ‘सब हो जाएगा’ हे उत्तर होतं. कंट्रोलर गेल्यावर तो सात आठवड्यांनी आला, आणि तोही दुसऱ्याच मॉडेलचा.

बिलावर सांगाड्याचा नंबर आणि बॅटरीचा नंबर दोन्ही हवेत. बॅटरीच्या कुलपाच्या दोन चाव्या मोजून घ्या. आणि त्याच दिवशी, चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणारा डिरेलर जिथे लटकतो ती अॅल्युमिनियमची छोटी पट्टी, म्हणजे हँगर, दोन जास्तीच्या विकत घ्या. सायकल उजवीकडे पडली की तीच आधी वाकते, प्रत्येक सांगाड्याची वेगळी असते, आणि तिच्यावाचून अख्खी सायकल अडते.

सहावी पायरी: जुनी घेताना

इथे मी जास्त वेळ घेणार आहे, कारण खरे पैसे इथेच वाचतात आणि इथेच बुडतात.

लॉकडाऊनमध्ये सायकलींची लाट आली होती. त्या वेळी हौसेनं घेतलेल्या कितीतरी सायकली गॅलरीत उभ्या राहिल्या आणि आता विकायला निघाल्या आहेत. ‘फक्त २०० किलोमीटर चाललेली’ असं वाचून तोंडाला पाणी सुटतं. स्कूटरच्या बाबतीत ते खरंही असतं. लिथियम बॅटरीच्या बाबतीत ती धोक्याची सूचना आहे. न वापरता पडलेली बॅटरी आपोआप हळूहळू रिकामी होत जाते, आणि पूर्ण रिकामी अवस्थेत महिनोन्महिने राहिली की सेल कायमचे खराब होतात. मी तर चाललेली सायकल आधी बघतो. ज्यानं आठवड्यातून तीनदा चालवली, त्यानं चार्जही केली असते.

म्हणून सौदा करताना बॅटरीची किंमत शून्य धरा. पद्धत अशी. समजा ती सायकल नवी ४५ हजारांची, आणि तिची नवी बॅटरी आज १५ हजारांना मिळते. म्हणजे बाकी सायकल ३० हजारांची. दोन-तीन वर्षं वापरलेल्या सायकलचे मी निम्मे धरतो, झाले १५. बॅटरी चाचणीत पास झाली तर वर चार-पाच हजार, नाहीतर नाही. विकणारा २८ मागतो आहे, तुमचा आकडा २० चा आहे. आता बोलणी सुरू. आणि नवी बॅटरी मिळतच नाही असं कळलं, कंपनी बंद झाली किंवा ते मॉडेल बंद झालं, तर मी ती सायकल फुकटसुद्धा नेत नाही. त्या आकाराच्या डब्यात दुसरी बॅटरी बसवायला निघालेल्या लोकांचे तारा लोंबकळणारे प्रयोग मी पाहिले आहेत.

बॅटरी तपासायची कशी? विकणाऱ्याला आदल्या रात्री पूर्ण चार्ज करून ठेवायला सांगा. बहुतेक ३६ व्होल्टच्या बॅटऱ्यांचा चार्जर ४२ व्होल्टचा असतो, चार्जरवर तसं छापलेलं असतं. सकाळी व्होल्ट मोजायला मल्टिमीटर लावा. ४१ च्या वर असेल तर छान. रात्री भरलेली बॅटरी सकाळी ३९-४० दाखवत असेल तर आतला एखादा सेल गळतो आहे किंवा चार्जरच कमी देतो आहे. दोन्हींचा खर्च तुमच्याच माथी येणार.

मग सायकल चढावर न्या आणि डिस्प्लेवरच्या काड्यांकडे लक्ष ठेवा. जोर दिला की चारच्या दोन होतात, सपाटीला परत चार होतात, इतपत चालतं. चारची एकदम एक झाली, किंवा मोटर मध्येच बंद पडून पुन्हा सुरू झाली, तर बॅटरी म्हातारी आहे. मग ‘दो साल में कुछ नहीं हुआ भिया’ हे कितीही गोड आवाजात सांगितलं तरी.

सगळ्यांत पक्की चाचणी थोडी वेळखाऊ आहे, पण पंधरा हजारांचा प्रश्न आहे. भिंतीच्या सॉकेटमध्ये लावायचा वॉटमीटर ऑनलाइन हजार-बाराशेत मिळतो. बॅटरी पूर्ण वापरून संपवायची, मग चार्जर या मीटरमधून लावायचा आणि हिरवा दिवा लागेपर्यंत किती वॉट-अवर आत गेले ते बघायचं. चार्जरमध्ये थोडं वाया जातं, म्हणून आकड्याला ०.८५ नं गुणा. ३७४ च्या बॅटरीनं भिंतीतून ४३० च्या आसपास घेतले तर ती जवळजवळ नवी. ३०० घेतले तर आत उरले २५५, म्हणजे तिची सत्तर टक्क्यांच्याही खाली क्षमता उरली आहे. मी माझी सायकल घेताना विकणाऱ्याच्या घरी दोन फेऱ्या मारल्या, त्याच्या आईच्या हातचा चहा दोनदा प्यायलो आणि मीटरचा फोटो काढून आणला. आकडा होता ३९०. बॅटरीचे चार हजार मी आनंदानं दिले.

बॅटरी फुगलेली, डबा उघडून परत चिकटवलेला, चार्जिंगच्या भोकाशी जळल्याचा काळा डाग, यांतलं काहीही दिसलं तर बोलणीच नको. पावसात भिजून आत गंज धरलेली लिथियम बॅटरी घरात आणणं म्हणजे विस्तव पदरात बांधणं.

बाकी तपासणी कुठल्याही सायकलसारखी, पण तीन जागा खास. पहिली, मागचा अॅक्सल बसतो ती खाच. हब मोटर तिथे दोन्ही बाजूंनी पिळत असते. टॉर्च लावून चीर दिसते का बघा, अॅक्सलला जागेवर फिरू न देणारं नखवालं वॉशर आहे का बघा. दुसरी, मागच्या चाकाचे स्पोक. बोटानं एकेक छेडत जा. सगळ्यांचा आवाज साधारण सारखा हवा, एखादा भद्द वाजला तर सैल आहे, आणि नवे चकचकीत तीन-चार दिसले तर हे चाक सारखं तुटतं आहे. तिसरी, मोटर. चाक उचलून हातानं उलटं फिरवा. एकसारखा अडथळा लागणं बरोबर, पण टकटक आवाज किंवा मध्येच सुटल्यासारखं वाटलं तर आतले प्लॅस्टिकचे दाते झिजले आहेत.

चेनची झीज पट्टीनं कळते. पहिल्या पिनेपासून पंचविसाव्या पिनेपर्यंत नव्या चेनचं अंतर बरोबर बारा इंच असतं. वर तीन मिलिमीटर गेलं असेल तर चेन गेली, आणि बहुधा कॅसेटही.

कागदाचं. मूळ बिल नसेल तर ती सायकल चोरीची आहे असं मी म्हणत नाही, पण मी घेत नाही. बिलावरचा नंबर सांगाड्यावरच्या नंबराशी जुळवा. तो पायडलांच्या खाली, सायकल उलटी केल्यावर दिसतो. साध्या कागदावर विक्रीची चार ओळींची पावती, दोघांच्या सह्या, ओळखपत्राची प्रत. पैसे सायकल हातात आल्यावर. स्वतःला ‘फौजी’ म्हणवून लांबूनच अॅडव्हान्स मागणारा भेटला तर फोन ठेवून द्या.

पुण्यात निवड जास्त असते आणि आपल्यातल्या निम्म्यांचा भाचा नाहीतर पुतण्या तिकडे असतोच. रात्रीच्या ट्रॅव्हल्सच्या डिकीत सायकल इकडे येते, पण बॅटरीचं आधी विचारून घ्या. विमानानं तर नेताच येत नाही, १६० वॉट-अवरच्या वरची लिथियम बॅटरी प्रवाशाच्या सामानात चालत नाही. आणि भाच्याला वॉटमीटर घेऊन पाठवा. ‘मामा, मस्त आहे’ एवढ्या अहवालावर पैसे पाठवू नका.

सातवी पायरी: घरी आणल्यावर

चार्ज करायला युनिटच्या अर्ध्याहून कमी वीज लागते, तीन-चार रुपयांचा खेळ. दोन अँपिअरच्या चार्जरनं १०.४ ची बॅटरी भरायला पाच-सहा तास लागतात. रात्रभर, झोपलेले असताना, दाराच्या वाटेत चार्जिंगला लावायची नाही. मे महिन्यात उन्हातून आल्या आल्या तर मुळीच नाही. बॅटरी हाताला गार लागू द्या. बेचाळीस डिग्रीत उभ्या गाडीच्या डिकीतही ठेवू नका. महिनाभर गावी जाणार असाल तर निम्मी भरून ठेवा, ना पूर्ण, ना रिकामी.

धुताना बादली आणि फडकं. गाड्या धुणाऱ्याकडचा प्रेशरचा पाइप हबवर आणि डिस्प्लेवर मारला की पाणी आत गेलंच. आणि ब्रेकच्या चकतीला तेलाचा हात लागू देऊ नका.

राहिलं पंक्चर. बाभळीचे काटे हे माळव्यातल्या सायकलवाल्याचं प्रारब्ध आहे. ट्यूबमध्ये सीलंट, म्हणजे भोक आतून बुजवणारं द्रव, घाला, निम्मे काटे तिथेच जिरतात. उरलेल्यांसाठी हे वाचा.

चोरलच्या अलीकडे माझं मागचं चाक बसलं. माझ्याकडे पंप होता, ट्यूब होती, पॅच होते. पाना नव्हता. मोटर नसलेल्या बऱ्याच गिअरच्या सायकलींचं चाक हातानं खटका उघडून निघतं, हब मोटरचा अॅक्सल दोन जाड नटांनी आवळलेला असतो आणि माझ्या सायकलला त्यांना अठराचा पाना लागतो. अर्धा तास ढकलत गेल्यावर ट्रॅक्टर दुरुस्त करणारा एक जण भेटला. त्यानं पाना दिला, नट सुटले, चाक ओढलं, आणि ते निघेना, कारण मोटरची वायर सांगाड्याला जोडलेली. ती जिथे जोडते तिथे दोन्ही तुकड्यांवर एकेक बारीक बाण असतो. सरळ ओढायची, पिळायची नाही, आणि परत लावताना बाणासमोर बाण. मी घाईत थोडी फिरवून दाबली आणि आतली एक पिन वाकवली. ट्यूब नवी, हवा भरलेली, आणि मोटर बंद. घाट पायांनी चढलो.

आता सीटखालच्या पिशवीत अठराचा पाना असतो, तुमच्या नटांचं माप घेऊन तुमचा ठरवा. वायरीच्या दोन्ही बाणांवर बायकोच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका लावून ठेवला आहे, अंधारातही दिसतो. आणि पहिल्या डोंगरफेरीच्या आधी घरच्या अंगणात, सावलीत, शेजारी चहा ठेवून, मागचं चाक एकदा काढून परत बसवा. मला पहिल्यांदा पन्नास मिनिटं लागली होती. आता बारा लागतात.